८ ऑगस्ट १९८४ : नवाल अल मुतवकिल यांचे सुवर्ण

लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये महिलांच्या ४०० मीटर अडथळा शर्यतीत, म्हणजे दहा अडथळे ओलांडत ट्रॅकची एक फेरी पूर्ण करण्याच्या आणि त्या वर्षी प्रथमच ऑलिंपिकमध्ये आलेल्या प्रकारात, मोरोक्कोच्या नवाल अल मुतवकिल यांनी ५४.६१ सेकंदांची वेळ नोंदवून देशाला पहिले ऑलिंपिक सुवर्णपदक मिळवून दिले. याच शर्यतीत भारताच्या पी. टी. उषा यांचे कांस्यपदक सेकंदाच्या शंभराव्या भागाने हुकले, म्हणून भारतात ती त्या हळहळीपुरतीच आठवली जाते. हे स्मरण अपुरे आहे. ऑलिंपिक सुवर्ण जिंकणारी पहिली अरब महिला ठरलेल्या नवाल यांच्यामुळे अरब समाजांतील मुलींच्या धावण्याला प्रतिष्ठा लाभली, आणि पुढे २०१२ मध्ये त्या आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या उपाध्यक्षही झाल्या.