चौथा बिंदू

नोकरीच्या पहिल्या वर्षी मी तीन बिंदूंवरून वर्तुळाचं केंद्र काढणारा कोड लिहिला होता. सगळ्या चाचण्या पास. पुढे कळलं की ज्या भागाची मापं येत होती तो मुळात गोलच नव्हता. कोडने तरीही निमूटपणे केंद्र सांगितलं होतं.

एका रेषेत नसलेल्या तीन बिंदूंतून वर्तुळ काढण्याची रीत युक्लिडच्या चौथ्या पुस्तकात आहे. शाळेत लंबदुभाजक काढून आपण तेच परिवर्तुळ काढतो. या रीतीचा खरा कस लागला तो मंगळावर.

टायको ब्राहे १६०१ साली प्रागमध्ये वारला आणि त्याच्या नोंदी केप्लरच्या हाती आल्या. मंगळ ६८७ दिवसांनी आपल्या कक्षेत त्याच जागी परततो. पृथ्वी मात्र तेव्हा दुसरीकडे असते. म्हणून केप्लरने ५ मार्च १५९०, २१ जानेवारी १५९२, ८ डिसेंबर १५९३ आणि २६ ऑक्टोबर १५९५ या तारखांची मंगळाची स्थानं घेतली. प्रत्येक अंतर बरोबर ६८७ दिवसांचं. मंगळ खुंटीसारखा स्थिर धरला की पृथ्वीच्या कक्षेवरचे चार बिंदू हाती येतात. तीन केंद्रासाठी, चौथा पडताळ्याला. वर्तुळ जुळलं; केंद्र मात्र सूर्यापासून जरा बाजूला निघालं.

मग मंगळाची स्वतःची कक्षा. तीन बिंदू घेतले, केंद्र आलं. दुसरे तीन घेतले, केंद्र भलतीकडेच. वर्तुळ ही दोन हजार वर्षांची श्रद्धा. पण केप्लरने नोंदींना खोटं पाडलं नाही, वर्तुळ सोडलं. १६०९ च्या ‘अ‍ॅस्ट्रोनोमिया नोव्हा’त मंगळाची कक्षा लंबवर्तुळ झाली.

हे सगळं त्रिकोणमितीने, हाताने आकडेमोड करून. देकार्तची भूमिती आली १६३७ साली, केप्लर गेल्यावर सात वर्षांनी. तिच्यातून पुढे घडलेल्या बीजगणितात हे काम दोन वजाबाक्यांचं आहे. दोन बिंदूंची समीकरणं वजा केली की केंद्राच्या निर्देशकांचे आणि त्रिज्येचे वर्ग उडतात. उरते सरळ रेषा, तोच लंबदुभाजक. (०,०), (८,०), (०,६) घ्या: ६४ = १६ अ, ३६ = १२ ब. केंद्र (४,३), त्रिज्या ५.

तीन अज्ञातं, तीन समीकरणं, उत्तर येणारच. म्हणूनच ते काही सिद्ध करत नाही. चौथा बिंदू (७,६) निघाला, तर केंद्रापासून त्याचं अंतर ५ नाही, सुमारे ४.२४ आहे.

माझा कोड आता चौथा बिंदू मिळाल्याशिवाय उत्तर देत नाही.