हृदयांतील करवंटी

नारळाच्या करवंटीसारखें कठीण कवच मनुष्याच्या हृदयांत तयार होऊं शकतें, हें सहसा खरें वाटणार नाहीं. परंतु डॉक्टरांनीं अशा हृदयाच्या कप्प्यास नारळाचेंच नांव दिलें आहे. या कवचाचा आरंभ बालपणच्या घसादुखींत असतो, म्हणून त्याचा इतिहास आम्हीं येथें सांगत आहों.

घशांतील स्ट्रेप्टोकोकस जंतूंशीं झुंजतां झुंजतां कांहीं मुलांचें शरीर स्वतःच्याच सांध्यांवर व हृदयावर उलटतें. हाच संधिज्वर. त्याचा हृद्रोगाशीं असलेला संबंध फ्रान्समधील बुइयो यांनीं १८३६ मध्यें ठासून मांडला. १९०४ सालीं जर्मनींतील आशॉफ यांनीं हृदयाच्या स्नायूंत त्या दाहाच्या सूक्ष्म गांठी दाखविल्या. सांधे बरे होतात, पण हृदयाची द्विदल झडप आंखडते. तिच्या मागें तुंबणाऱ्या रक्तानें डावा वरचा कप्पा फुगत जातो, आणि अनेक वर्षांनीं, क्वचित्, त्याच्या भिंतींत चुना सांचतो. क्षकिरणांच्या चित्रांत मग त्या कप्प्याची कड पांढरी उमटते.

झडपेकडे जाण्याची शस्त्रवैद्याची वाट याच कप्प्यांतून आहे. १९२५ मध्यें लंडन येथें सूटर यांनीं त्याच्या कानासारख्या टोकांतून बोट घालून एका मुलीची झडप मोकळी केली. मुलगी बरी झाली. तथापि तसा दुसरा रोगी त्यांच्याकडे कोणीं धाडला नाहीं. पुढें १९४८ मध्यें फिलाडेल्फियांत बेली, बोस्टनमध्यें हार्कन व लंडनमध्यें ब्रॉक यांनीं तें काम पुन्हां हातीं घेऊन यशस्वी केलें. पण भिंतींत चुना भरला म्हणजे ती ना नीट कापतां येते, ना शिवतां येते. रक्तस्राव आवरत नाहीं. गोठलेल्या रक्ताची गुठळी सुटून मेंदूंत जाण्याचें भय असतें. कधीं तें कठीण अस्तर सोलून काढावें लागतें.

इतकें धाडस टाळण्याचा उपाय फार साधा निघाला. १९५० च्या सुमारास अमेरिकेंतील वायोमिंग येथील वायुसेनेच्या तळावर असें दिसून आलें कीं, घसादुखीवर वेळींच पेनिसिलिन दिल्यास संधिज्वर बहुतांशीं टळतो. आपल्या देशांतून हा रोग अद्याप गेलेला नाहीं. शस्त्रवैद्याच्या त्या धाडसी बोटाची कीर्ति इतिहासानें जपली, हें योग्यच झालें. परंतु ताप आलेल्या मुलाचा घसा वेळींच डॉक्टरांस दाखविणाऱ्या आईची योग्यता आम्हांस त्याहून कमी वाटत नाहीं.