वांद्र्याचा आकडा

जुन्या पोस्टकार्डांवर पत्त्याच्या शेवटी 'वांद्रे, मुंबई ५०' असं लिहिलेलं असे. दादर २८, मुलुंड ८०. शहरातलं टपाल वाटायला मुंबईला हे आकडे आधीपासून होते. १५ ऑगस्ट १९७२ रोजी देशभर पिनकोड आला आणि वांद्र्याचा तोच ५० एका लांब संख्येच्या शेपटाला जाऊन बसला : ४०००५०.

पिनकोड रचला श्रीराम भिकाजी वेलणकरांनी. टपाल खात्यातले वरिष्ठ अधिकारी आणि संस्कृत कवी. मला त्यांचं फार अप्रूप वाटतं, कारण शब्दांत रमणाऱ्या माणसानंच टपालाला शब्दांच्या गोंधळातून सोडवलं. वांद्रे, बांद्रा, बांदरा. ठिकाण एक, पण लिहिणारा बदलला की नाव बदलतं, कधी लिपीही. शिवाय एकाच नावाची गावं देशात ठिकठिकाणी. रेल्वे मेल सर्व्हिसच्या डब्यात कप्प्यांसमोर उभं राहून पत्रं लावणाऱ्या सॉर्टरला हे सारं तोंडपाठ हवं असे. नवा माणूस तयार व्हायला वेळ लागणारच.

सहा आकड्यांनी पाठांतराचं हे ओझं वाटून टाकलं. कोलकात्याच्या सॉर्टरला वांद्रे कुठे हे ठाऊक नसलं तरी चालतं. त्याला पहिला ४ पुरतो, म्हणजे महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश, छत्तीसगड यांचा विभाग. दुसरा आकडा उपविभागाचा, तिसरा सॉर्टिंग जिल्ह्याचा, शेवटचे तीन बटवडा करणाऱ्या पोस्टाचे. ज्याच्या हातात पत्र येईल त्यानं आपल्यापुरतंच वाचायचं.

वांद्रे एक, आकडे दोन : रुळांच्या पश्चिमेला ५०, पूर्वेला ५१. पूर्वेच्या वांद्रे-कुर्ला संकुलाचं पार्सल चुकून ५०च्या थैलीत गेलं, की एक फेरी वाया. आज कुरियरवाल्यांच्या गोदामातही पार्सलं पिनकोड बघूनच वेगळी काढतात.

पण पिन पोस्टापर्यंतच नेतो. पुढे पोस्टमनचं बीट आणि त्याची घरोघरची ओळख. ती ओळख नसलेल्या स्कूटरवाल्या पोराला अ‍ॅप नकाशावर ठिपका दाखवतं. टपाल खात्यानंही २०२५ मध्ये डिजिपिन आणला. त्यात सुमारे चार मीटरच्या प्रत्येक चौकोनाला दहा अक्षरं-अंकांची खूण आहे. तरीही वांद्र्यातल्या रनवारच्या जुन्या गल्लीत ठिपक्यापाशी पोहोचलेला पोरगा फोन लावतोच, आणि घरातून आवाज येतो, "क्रॉस दिसला का? त्याच्या मागे ये, लाकडी जिना आहे."