साठ वर्षांची कुळकथा

ठाण्याचे मराठी ग्रंथ संग्रहालय १ जून १८९३ रोजी सुरू झाले. ज्यांच्या पुढाकाराने ते उभे राहिले ते विनायक लक्ष्मण भावे तेव्हा ऐन विशीत होते. पुढे ‘महाराष्ट्र सारस्वत’ लिहिणारे ते हेच. शेजारी कल्याणला सार्वजनिक वाचनालय १८६४ पासून चालू होते, पण भाव्यांच्या डोक्यात वेगळे होते. मराठीत छापलेली पुस्तके, बरीवाईट न निवडता, एका ठिकाणी जमवायची. आज त्याच संग्रहालयाने आपली जुनी, दुर्मिळ पुस्तके स्कॅन करून कोणालाही फुकट वाचता येतील अशी ठेवली आहेत. मात्र त्या यादीत एका काळापुढची पुस्तके सापडत नाहीत. ती कपाटात आहेत, पडद्यावर नाहीत. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे चालणाऱ्या कॉपीराइटची ही रेघ कोणी आणि कशी ओढली, तीच ही कुळकथा.

एकोणिसाव्या शतकातले एखादे मराठी पुस्तक हातात घेऊन पाहा. कागद पिवळा पडलेला, पानाचा कोपरा दुमडला तर तुटून हातात येईल असा. मुखपृष्ठावर किंवा त्याच्या पाठीमागे बारीक टाइपात, पुस्तक सन १८६७ च्या पंचविसाव्या आक्टाप्रमाणे नोंदवले असून सर्व हक्क ग्रंथकर्त्याचे आहेत, अशा अर्थाची ओळ असते. तो आक्ट छापखान्यांवर आणि पुस्तकांच्या नोंदणीवर देखरेख ठेवणारा. हक्काची मुदत त्याही आधी, कंपनी सरकारच्या १८४७ च्या कायद्याने ठरवली होती : लेखकाची हयात आणि पुढे सात वर्षे, किंवा प्रकाशनापासून बेचाळीस वर्षे, यांत जी जास्त ती. मुलांना थोडी मिळकत राहावी आणि नातवंडांच्या काळात पुस्तक सगळ्यांचे व्हावे, एवढीच ती मुदत होती. मला ती आजही रास्त वाटते.

१९१४ मध्ये विलायतेचा १९११ चा कायदा थोड्या फेरफाराने इथे लागू झाला आणि सातांचे एकदम पन्नास झाले. पण त्या फेरफारांत एक फार शहाणी गोष्ट होती. इथे प्रथम प्रसिद्ध झालेल्या पुस्तकाच्या भाषांतराचा एकाधिकार फक्त दहा वर्षे. तेवढ्या काळात लेखकाने एखाद्या भाषेत भाषांतर केले किंवा करवले नाही, तर त्या भाषेपुरता हक्क संपला. इतक्या भाषांच्या देशात पुस्तकाने या भाषेतून त्या भाषेत जायला हवे, हे परक्या सरकारलाही कळत होते. आपण स्वतंत्र झाल्यावर केलेल्या १९५७ च्या कायद्यातून ती दहा वर्षांची सवलत गेली. पन्नास वर्षे मात्र राहिली.

मग साठ कुठून आली? रवींद्रनाथ ठाकूर ७ ऑगस्ट १९४१ रोजी गेले. पन्नास वर्षांच्या हिशेबाने त्यांचे साहित्य १ जानेवारी १९९२ ला सर्वांसाठी खुले होणार होते. हक्क होते विश्वभारतीकडे. ते सुटू नयेत म्हणून डिसेंबर १९९१ च्या अगदी शेवटच्या दिवसांत वटहुकूम निघाला, पुढच्या वर्षी त्याचा कायदा झाला आणि पन्नासाचे साठ झाले. एका थोर कवीसाठी केलेली सोय देशातल्या प्रत्येक भाषेतल्या प्रत्येक लेखकाला लागू झाली.

मराठीत त्याचा फटका लगेच बसला. भा. रा. तांबे त्याच वर्षी, ७ डिसेंबर १९४१ ला वारले. तांब्यांची कविता १ जानेवारी १९९२ ला मोकळी व्हायची, ती आणखी दहा वर्षे बंद राहिली. साने गुरुजी १९५० मध्ये गेले. ‘श्यामची आई’ २००१ ऐवजी २०११ मध्ये खुली झाली. चिं. वि. जोशींचा चिमणराव २०२४ च्या जानेवारीत सुटला. अत्र्यांसाठी २०३० पर्यंत थांबायचे, खांडेकरांसाठी २०३७ पर्यंत. डोंबिवलीकरांचे शं. ना. नवरे २०१३ मध्ये गेले, म्हणजे त्यांच्या कथा २०७४ च्या पहिल्या दिवशी खुल्या होतील. ही नावे तरी छापली जातील. मला काळजी आहे ती ज्यांची दुसरी आवृत्ती कधीच निघाली नाही त्यांची. त्यांच्या पुस्तकांतून कोणाला एक रुपया मिळत नाही, आणि तरीही ती कोणाला पुन्हा छापता येत नाहीत.

ही मुदत पुस्तकांपुरती नाही. १९८४ च्या दुरुस्तीने संगणकाचा प्रोग्रामही कायद्याच्या लेखी ‘साहित्यकृती’ ठरला. म्हणजे त्यालाही हीच मुदत. आज लिहिलेला प्रोग्राम मोकळा होईल तेव्हा तो चालवणारे यंत्र जगात उरलेले नसेल. प्रोग्रामरांना हे लवकर उमगले. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये मुक्त सॉफ्टवेअरचा ग्नू प्रकल्प जाहीर केला आणि १९८९ मध्ये जीपीएल परवाना आणला : वापरा, बदला, वाटा, पण वाटताना पुढच्यालाही हीच मोकळीक द्या. आपल्याच हक्काच्या जोरावर त्यांनी ही मोकळीक पक्की केली, साठ वर्षे संपायची वाट पाहिली नाही. छापील मराठी पान वाचून त्याचा शोधता येणारा मजकूर करणारे टेसरॅक्ट हे सॉफ्टवेअर मुक्त परवान्यावर मिळते, आणि मराठी विकिस्रोतावर स्वयंसेवक जुनी पुस्तके मजकुराच्या रूपात चढवतात तीही मुक्त सॉफ्टवेअरच्या आधाराने.

मुदत संपण्याआधी मोकळीक देण्याची वाट कायद्याने लेखकांनाही ठेवली आहे, आणि ग्रंथालयांनाही थोडी. २०१२ च्या दुरुस्तीनंतर सार्वजनिक ग्रंथालय आपल्याकडच्या पुस्तकाची डिजिटल प्रत जतनासाठी करू शकते. ती सर्वांना ऑनलाइन द्यायला मात्र हक्कधारकाची परवानगी लागते. आणि कलम २१ प्रमाणे लेखक आपले हक्क, सगळे किंवा काही, जाहीर सूचना देऊन सोडू शकतो. वारसांनाही आपल्याकडच्या हक्कांवर क्रिएटिव्ह कॉमन्ससारखा मुक्त परवाना देता येतो.

ठाणे, कल्याण, डोंबिवलीत लिहिणारी घरे पुष्कळ आहेत. माळ्यावर आजोबांच्या कथासंग्रहाच्या उरलेल्या प्रती आणि प्रकाशकाशी झालेला जुना करार पडून असेल, तर तो करार आधी वाचा. हक्क तुमच्याकडे परत आले असतील आणि पुस्तक बाजारात नसेल, तर एका कागदावर लेखी परवानगी द्या आणि एक धड प्रत ग्रंथालयाला स्कॅन करायला नेऊन द्या. लेखक हयात असतील तर हे काम त्यांच्याच सहीने होऊ द्या.