कोनाड्यापासून फळीपर्यंत

छत्रपती संभाजीनगरच्या उस्मानपुऱ्यातून आम्ही बोलतोय. आजचा विषय आहे घराची भिंत. भिंतीत आणि भिंतीवर आपण सामान कसं ठेवत आलो, ते आज बघू. इतिहास म्हटलं की राजे, लढाया, किल्ले आठवतात. पण मिठाची बरणी कुठे ठेवायची, यालाही इतिहास आहे. तो बहुतेक बायकांच्या हातून घडलाय आणि त्यातलं बरंचसं बायकांनीच सोसलंय.

सुरुवात आपल्याच जिल्ह्यातून करू. अजिंठ्याला १२ नंबरचं लेणं आहे, दोन हजार वर्षांपूर्वीचं. त्यात भिक्षूंना राहायला १२ लहान खोल्या आहेत आणि प्रत्येक खोलीत झोपायला दोन दगडी ओटे. हे ओटे बाहेरून आणून ठेवलेले नाहीत. डोंगर कोरताना तेवढा दगड तसाच सोडला आणि त्याचा ओटा झाला. म्हणजे भिंत आणि सामान एकाच दगडाचं. पुढे माणसानं माती-दगडाची घरं बांधली, तरी ही रीत सुटली नाही. भिंत जाड असायची आणि तिच्या जाडीतच घरातल्या वस्तूंना जागा मिळायची.

आपली मराठवाड्यातली जुनी माळवदाची घरं आठवा. दोन-दोन, तीन-तीन फूट जाड भिंती. दिव्यासाठी देवळी, हाताशी लागणाऱ्या वस्तूंसाठी कोनाडा, कपड्यांना खुंटी. दुधा-दह्याचं शिंकं आढ्याला. ते मांजरापासून वाचवण्यासाठीच, म्हणून तर शिंकं तुटलं की मांजराचं फावतं. एकावर एक रचलेल्या मडक्यांची उतरंड, बाजूला धान्याची कणगी. मोठ्या घरात भिंतीलगत बळद. ते वरून भरायचं आणि खालच्या भोकातून लागेल तेवढी ज्वारी काढून घ्यायची. कुठलीही वस्तू अंधारातही हाताला लागायची, कारण तिची जागा पिढ्यान्‌पिढ्या ठरलेली होती.

शब्दांतही हा इतिहास राहिलाय. आपण कपाट म्हणतो. संस्कृतात कपाट म्हणजे दाराची फळी, दार. भिंतीतल्या पोकळीला फळ्या टाकल्या, पुढे दार लावलं, आणि हळूहळू त्या सगळ्यालाच कपाट नाव पडलं. भिंतीतल्या अशा कपाटाला फडताळही म्हणतात. अलमारी हा शब्द पोर्तुगीजांकडून आलेला. आणि आमच्या शहरातल्या उर्दू बोलणाऱ्या शेजारणी कोनाड्याला ताक म्हणतात. नावं वेगळी, पण जागा तीच, भिंतीच्या पोटात.

मग भिंतीबाहेरच्या वस्तू आल्या. कर्नाटकातल्या शहाबादची फरशी आपल्याला चांगली माहीत आहे. १९५६ पर्यंत शहाबाद आणि आपला मराठवाडा एकाच हैदराबाद राज्यात होते. आंध्रातल्या कडप्पा भागावरून ज्या दगडाला नाव पडलं, तो काळा कडाप्पा. या सपाट दगडांनी फळीचं काम सोपं केलं. त्यांना वाळवी लागत नाही, ओल्या फडक्यानं पुसता येतात. तिकडे मुंबईत १८९७ मध्ये अर्देशिर गोदरेज यांनी कुलपांचा कारखाना काढला आणि १९२३ च्या सुमारास त्याच गोदरेजची पोलादी कपाटं निघू लागली. हे कपाट भिंतीपासून सुटं होतं आणि त्याला किल्ली होती. किल्ली आली की प्रश्नही आला, ती राहणार कुणाच्या कमरेला? कितीतरी घरांत सासूच्या कमरेची किल्ली सुनेच्या हातात यायला अर्धं आयुष्य जायचं.

त्याच काळात स्वयंपाकघरही बदलत होतं. चूल जमिनीवर, बाई पाटावर बसलेली, म्हणून डबे-मडकीही खालीच. ओटा आला, बाई उभी राहिली आणि फळ्या वर चढल्या. पण किती वर? याचा नीट विचार करणारी एक बाई जर्मनीत होती. तिचं नाव मार्गारेटे श्युट्टे-लिहोत्स्की. ती वास्तुरचनाकार होती. फ्रांकफुर्ट शहरात कामगारांसाठी घरं बांधली जात होती, तेव्हा १९२६ मध्ये तिनं त्यांचं स्वयंपाकघर आखलं. जागा साधारण ६ फूट रुंद आणि ११ फूट लांब. बाईला किती पावलं चालावी लागतात ते तिनं मोजलं. पीठ, तांदूळ, साखर यांना भिंतीतच ओळीनं अ‍ॅल्युमिनियमचे खण दिले. खण ओढायचा आणि त्याच्या तोंडानं थेट ओतायचं. अशी सुमारे १० हजार स्वयंपाकघरं झाली. आज शहरात ज्याला मॉड्युलर किचन म्हणतात, त्याची ही आजी. तिचं म्हणणं आपल्यालाही पटेल असं आहे: जागा लहान असली तर आखणी आधी करावी लागते आणि ती काम करणारीच्या हातापायांच्या मापानं करावी लागते.

आता आपल्या मराठवाड्याच्या सगळ्यात दुखऱ्या पानाकडे येऊ. ३० सप्टेंबर १९९३. गणपती विसर्जन आटोपून लोक झोपले होते. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, आजच्या धाराशिव जिल्ह्यात सरकारी नोंदीप्रमाणे जवळपास ८ हजार माणसं गेली. ज्या जाड भिंतींनी पिढ्यान्‌पिढ्या धान्य आणि दागिने सांभाळले, त्याच भिंती माणसांवर कोसळल्या. आतून एक दगडी थर, बाहेरून एक, मध्ये माती आणि दगडगोट्यांची भर. दोन्ही थरांना एकत्र धरून ठेवणारे आरपार दगड नव्हते. वरून माळवदाच्या मातीचं ओझं. पुष्कळ घरांत लाकडी खांब उभे राहिले आणि मधल्या भिंती ढासळल्या.

त्यानंतर जी घरं उभी होती ती मजबूत करायची सरकारी योजना आली. भिंतीत आरपार जोड बसवणं, माळवदावरची माती कमी करणं, लाकडी सांगाडा आवळून घेणं, अशी कामं होती. स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेनं गावोगावच्या महिला मंडळांना या कामात उतरवलं. संवाद सहायक म्हणून बायका घरोघर गेल्या, योजना समजावून सांगितली, कामावर लक्ष ठेवलं. गवंडी काय करतोय आणि का करतोय, हे तोवर बाईनं विचारायची रीत नव्हती. त्या बायकांनी ती पाडली.

नवी घरं आली ती बारीक भिंतींची. ९ इंची, आणि आतली तर साडेचार इंची. अशा भिंतीत खोल कोनाडा होत नाही, बळद तर नाहीच. म्हणजे भिंतीच्या पोटातलं सगळं सामान एका पिढीत बाहेर आलं. ते पलंगाखाली गेलं, दारामागे गेलं, पोत्यात गेलं. आपण म्हणतो, 'घरात पसारा फार.' पण हा पसारा बाईच्या आळसाचा नाही. घराची जागा गेली आणि तिच्या बदली दुसरी कुणी दिली नाही, त्याचा आहे.

आज गावात घरकुलं होतायत. २०१६ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजना ग्रामीणमध्ये घराचं किमान क्षेत्र २५ चौरस मीटर आहे, म्हणजे सुमारे २७० चौरस फूट. घर शक्यतो बाईच्या नावे किंवा नवरा-बायको दोघांच्या नावे व्हावं, असं योजना सांगते. मग घर नावावर आणि फळी मात्र गवंड्याच्या मर्जीनं, असं का?

म्हणून काही गोष्टी प्लास्टर व्हायच्या आधीच ठरवा. प्लास्टर झाल्यावर भिंत फोडायला कुणी तयार होत नाही. जिला तिथे रोज काम करायचंय तिनं भिंतीशी उभं राहून हात वर करावा आणि खडूनं खूण करावी. रोजच्या डब्यांची फळी त्या खुणेच्या खालीच हवी. वरचा सज्जा वर्षातून दोनदा लागणाऱ्या वस्तूंसाठी. जड सामान खाली, हलकं वर. कडाप्पाची फळी भिंतीत नीट रोवलेली असावी आणि दोन आधारांमध्ये अंतर अडीच फुटांपेक्षा फार नको. फळी जितकी रुंद, तितकं ओझं भिंतीपासून दूर जातं आणि ओढ वाढते, म्हणून डब्यांसाठी एक फूट रुंदी पुष्कळ. साडेचार इंची भिंतीवर जड स्टीलची मांडणी टांगू नका, ती जमिनीवर टेकलेली बरी. झोपतो त्या जागेच्या डोक्यावर फळी नको. भिंतीत लहानसा कोनाडा हवाच असेल तर ९ इंची भिंतीत, आणि कोपऱ्यापासून निदान दोन फूट दूर. भूकंपात कोपरे आधी उघडतात. धान्याची कोठी घडवंचीवर, भिंतीपासून वीतभर पुढे, म्हणजे ओल लागणार नाही आणि मागे झाडताही येईल.

आणखी एक जागा राखून ठेवा. बचत गटाचं पासबुक, इतिवृत्ताची वही, सातबारा, मुलींचे दाखले, दवाखान्याचे कागद, यांच्यासाठी कुलपाचा एक छोटा खण. पाऊस आणि उंदीर या दोघांपासून उंच, पण बाईच्या हाताला लागेल इतकाच उंच. गटाची पेटी एकीकडे आणि चावी दुसरीकडे ठेवायची शिस्त आपण बायकांनीच लावून घेतली आहे. घरातही एक खण असा असू द्या, ज्याची चावी तुमच्याकडे आहे.

पुढच्या बैठकीत एवढंच करा. गटातल्या कुणाचं घरकुल मंजूर झालंय ते विचारा. दोघी-तिघी जणी मिळून तिच्या घरी जा, सोबत टेप आणि खडू घ्या आणि प्लास्टरच्या आधी खुणा करून या. गवंडीदादा विचारतील, 'हे कुणी सांगितलं?' तेव्हा सांगा, 'जिला इथे राबायचंय तिनं.'