कॅलिफोर्नियातील घनकचरा नियमांची स्थानिक अंमलबजावणी : प्रमाणन व मूल्यमापन पद्धतीचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

कायदा करणे आणि तो पाळला जाईल अशी व्यवस्था उभी करणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. पर्यावरणविषयक कायद्यांच्या इतिहासात पहिल्या गोष्टीची चर्चा विपुल आढळते. दुसरीकडे अभ्यासकांचे लक्ष त्या मानाने कमी गेले आहे. घनकचऱ्याच्या बाबतीत ही उणीव विशेष जाणवते. कचरा गोळा करणे हे स्थानिक संस्थेचे काम, तो टाकण्याची जागा पुष्कळदा तिच्याच मालकीची आणि त्या जागेवर नियम पाळले जातात की नाही हे पाहणारा निरीक्षकही तिच्याच सेवेतला. अशा स्थितीत निरीक्षणाची विश्वासार्हता कशी टिकवावी, हा प्रश्न अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याला १९७० च्या दशकापासून भेडसावत आला. त्यावर त्या राज्याने शोधलेला उपाय म्हणजे स्थानिक अंमलबजावणी यंत्रणांचे राज्याकडून प्रमाणन आणि त्यांच्या कामाचे ठरावीक काळाने मूल्यमापन. या व्यवस्थेची जडणघडण कशी झाली आणि तिच्या मर्यादा कोठे स्पष्ट झाल्या, याचा आढावा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

पार्श्वभूमी

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कॅलिफोर्नियातील बहुतेक गावांचा कचरा उघड्यावर टाकला जाई किंवा जाळला जाई. १९३७ मध्ये फ्रेस्नो शहरात जीन व्हिन्सेंझ या अधिकाऱ्याच्या पुढाकाराने एक नवी क्षेपणभूमी सुरू झाली. चर खोदून त्यात कचरा टाकणे, तो दाबणे आणि त्यावर रोज मातीचा थर देणे ही पद्धत तेथे अवलंबली गेली. पुढे हीच पद्धत अमेरिकेत सर्वत्र रूढ झाली. लॉस एंजेलिस परिसरातील धुरकट हवेवर उपाय म्हणून १९५७ मध्ये घराच्या परसात कचरा जाळण्यास बंदी घालण्यात आली. त्यामुळे हवा सुधारण्यास मदत झाली, परंतु पूर्वी जळून जाणारा कचरा आता क्षेपणभूमीकडे वळला. कचऱ्याचा प्रश्न नाहीसा झाला नाही; त्याची जागा तेवढी बदलली.

१९७२ मध्ये राज्य विधिमंडळाने घनकचरा व्यवस्थापन व संसाधन पुनर्प्राप्ती कायदा संमत केला. या कायद्याने राज्यस्तरीय घनकचरा व्यवस्थापन मंडळ स्थापन झाले आणि प्रत्येक काउंटीवर (आपल्याकडील जिल्ह्याशी साधर्म्य असलेला प्रशासकीय विभाग) कचरा व्यवस्थापनाचा आराखडा तयार करण्याची जबाबदारी आली. मात्र आराखडा म्हणजे अंमलबजावणी नव्हे. ही त्रुटी १९७६ च्या झेडबर्ग-कॅपिलॉफ कायद्याने भरून काढण्याचा प्रयत्न झाला. क्षेपणभूमी चालविण्यास परवाना आवश्यक ठरला. तो देण्याचा, तपासणीचा आणि कारवाईचा अधिकार ‘स्थानिक अंमलबजावणी यंत्रणा’ या नव्या घटकाकडे आला. या यंत्रणेची नियुक्ती स्थानिक शासनाने करावयाची आणि राज्य मंडळाने तिला मान्यता द्यावयाची, अशी ही रचना होती. बहुतेक ठिकाणी काउंटीच्या पर्यावरण आरोग्य विभागाकडेच हे काम सोपविले गेले.

येथे एक गोष्ट लक्षात घ्यावयास हवी. १९७६ च्या रचनेत यंत्रणेची नियुक्ती होती, परंतु तिच्या पात्रतेची सविस्तर कसोटी नव्हती. किती कर्मचारी हवेत, त्यांचे शिक्षण काय असावे, पैसा कोठून यावा, याविषयी एकसारखे निकष नव्हते. काम सोपविले गेले, पण ते पेलण्याची ताकद आहे काय, हे पुरेसे विचारले गेले नाही.

१९८९ चा कायदा आणि प्रमाणन

१९८० च्या दशकाच्या अखेरीस क्षेपणभूमींची शिल्लक क्षमता हा राज्यातील सार्वजनिक चिंतेचा विषय बनला होता. या पार्श्वभूमीवर विधिमंडळ सदस्य बायरन शेर यांनी मांडलेला एकात्मिक कचरा व्यवस्थापन कायदा १९८९ मध्ये संमत झाला. क्षेपणभूमीकडे जाणारा कचरा १९९५ पर्यंत २५ टक्के आणि २००० पर्यंत ५० टक्के कमी करण्याचे या कायद्याचे उद्दिष्ट प्रसिद्ध आहे. त्याच कायद्यातील अंमलबजावणीविषयक तरतुदी मात्र तुलनेने अपरिचित राहिल्या.

या तरतुदींनुसार नव्या राज्य मंडळाने प्रमाणनाचे नियम तयार करावयाचे होते. त्यांत चार बाबी अनिवार्य होत्या : तांत्रिक ज्ञान, पुरेसे कर्मचारी, पुरेसा निधी आणि प्रशिक्षण. १ ऑगस्ट १९९२ नंतर या कसोट्यांना न उतरणाऱ्या यंत्रणेच्या नियुक्तीला मान्यता देऊ नये, असे बंधन कायद्याने मंडळावर घातले.

प्रमाणपत्राचे चार प्रकार ठरले. ‘अ’ प्रकार क्षेपणभूमींसाठी, ‘ब’ प्रकार कचरा जाळून ऊर्जा निर्माण करण्यासारख्या रूपांतरण केंद्रांसाठी, ‘क’ प्रकार कचरा हस्तांतरण, वर्गीकरण व कंपोस्ट केंद्रांसाठी आणि ‘ड’ प्रकार क्षेपणभूमीवरील केरकचरा, दुर्गंधी व उपद्रव यांविषयीच्या नियमांसाठी. यंत्रणेला जे काम करावयाचे आहे त्याचेच प्रमाणपत्र तिला मिळवावे लागे.

अर्जासोबत प्रत्येक यंत्रणेला ‘अंमलबजावणी कार्यक्रम आराखडा’ सादर करावा लागे. त्यात कर्मचाऱ्यांची पात्रता, अंदाजपत्रक, तपासणीची पद्धत आणि कारवाईचे टप्पे नमूद असत. वर्षभरात करावयाची कामे आणि प्रत्येकास लागणारा वेळ यांचा हिशेबही त्यात अपेक्षित होता. ही तरतूद वरकरणी कारकुनी वाटते, परंतु तिचे महत्त्व मोठे आहे. तासांचा हिशेब मांडला की यंत्रणेजवळ माणसे कमी आहेत हे सबबीच्या रूपाने नव्हे, तर आकड्यांच्या रूपाने पुढे येते. निधीची अडचण लक्षात घेऊन राज्याने या यंत्रणांसाठी वार्षिक अनुदानाचीही तरतूद केली.

हितसंबंधांचा प्रश्न

जो विभाग कचरा हाताळण्याचे वा टाकण्याचे काम स्वतः करतो, त्याच विभागाने त्या कामावर अंमलबजावणी यंत्रणा म्हणून देखरेख करू नये, असा निर्बंध कायद्यात आहे. राज्याने विशेष परवानगी दिल्यास तेवढा अपवाद. तत्त्व स्पष्ट होते : चालक आणि निरीक्षक एक नसावेत.

तथापि हा निर्बंध विभागापुरता होता, शासनापुरता नव्हता. काउंटीच्या मालकीची क्षेपणभूमी तिचा सार्वजनिक बांधकाम विभाग चालवू शके आणि तिची तपासणी त्याच काउंटीचा आरोग्य विभाग करू शके. दोन्ही विभागांचे अंदाजपत्रक मंजूर करणारे निर्वाचित पर्यवेक्षक मंडळ मात्र एकच असे. कायद्याने भिंत घातली, पण छत एकच राहिले. हा पेच पूर्णपणे सोडवायचा तर स्थानिक यंत्रणाच रद्द करून सर्व तपासणी राज्याकडे घ्यावी लागली असती. विधिमंडळाने तो मार्ग स्वीकारला नाही. स्थानिक निरीक्षक जवळ असतो, त्याला परिसर माहीत असतो आणि नागरिकाची तक्रार त्याच्याकडे लवकर पोहोचते, हे फायदे गमावण्याची तयारी नव्हती. म्हणून जवळीक कायम ठेवून तिच्यावर बाहेरून लक्ष ठेवण्याचा मध्यममार्ग निवडला गेला. प्रमाणन आणि मूल्यमापन यांचे खरे प्रयोजन येथे आहे.

मूल्यमापनाची पद्धत

प्रमाणन ‘हे काम करता येईल काय’ असे विचारते, तर मूल्यमापन ‘हे काम झाले काय’ असे. पहिला प्रश्न मुख्यतः प्रवेशाच्या वेळचा. दुसरा पुन्हा पुन्हा विचारावयाचा. म्हणूनच राज्याने यंत्रणेच्या कामाचा आढावा साधारणतः दर तीन वर्षांनी घेण्याची पद्धत स्वीकारली.

मूल्यमापनाला आधार म्हणून कामाची परिमाणे निश्चित होती. चालू क्षेपणभूमीची तपासणी महिन्यातून किमान एकदा व्हावी, बंद झालेल्या जागांची दर तिमाहीस व्हावी आणि परवान्याचा फेरआढावा पाच वर्षांतून किमान एकदा घेतला जावा, असा दंडक होता. याशिवाय राज्याच्या निरीक्षकांनी स्थानिक निरीक्षकांसह प्रत्येक क्षेपणभूमीची दर अठरा महिन्यांनी तपासणी करावी, अशीही तरतूद होती. एकाच जागेवर, एकाच दिवशी दोघांनी काय पाहिले आणि काय नोंदविले यांची तुलना त्यामुळे शक्य झाली.

यंत्रणेविरुद्ध कारवाईची कारणेही कायद्यात दिलेली आहेत. तपासणीत हयगय करणे, तपासणीचे निष्कर्ष हेतुपुरस्सर चुकीचे नोंदविणे, परवाने वेळेवर तयार न करणे, कायद्याशी विसंगत परवाने देणे आणि आवश्यक तेथे कारवाई न करणे, ही त्यांपैकी प्रमुख होत. त्यावरील उपाय पायरीपायरीचे आहेत. सुधारणेसाठी वेळापत्रक व परिवीक्षा काळ ठरविणे, अधिक वेळा तपासणी करणे, काही कामे राज्याने स्वतःकडे घेणे आणि अखेरीस नियुक्तीची मान्यता काढून घेणे, असा हा क्रम आहे. मान्यता गेल्यावर स्थानिक शासनाने दुसरी यंत्रणा नेमली नाही, तर राज्य स्वतःच अंमलबजावणी यंत्रणा बनते आणि त्याचा खर्च स्थानिक शासनाकडून वसूल करू शकते.

शेवटचा उपाय कठोर आहे, परंतु तो योजल्याने काम राज्याच्याच अंगावर येते. स्थानिक यंत्रणेला जसा मान्यता गमावण्याचा धाक असतो, तसाच राज्यालाही तो अधिकार वापरताना आपल्या मनुष्यबळाचा विचार करावा लागतो. मधल्या पायऱ्यांना महत्त्व येते ते त्यामुळेच.

देखरेख करणाऱ्यावरील देखरेख

स्थानिक यंत्रणेचे मूल्यमापन राज्य मंडळ करते. मग मंडळाचे मूल्यमापन कोण करणार? डिसेंबर २००० मध्ये राज्याच्या लेखापरीक्षण विभागाने मंडळाच्या कारभारावर अहवाल प्रसिद्ध केला. मर्यादित अधिकार आणि दुर्बळ देखरेख यांमुळे सार्वजनिक आरोग्य व पर्यावरण यांचे रक्षण करण्याची मंडळाची क्षमता कमी होते, असा निष्कर्ष त्या अहवालाच्या शीर्षकातच होता. परवाना मंजुरीच्या प्रक्रियेतून यातील पहिला मुद्दा समजतो. स्थानिक यंत्रणा परवान्याचा मसुदा पाठवी आणि मंडळाला साठ दिवसांत संमती वा हरकत कळवावी लागे. हरकतीची कारणे कायद्याने मर्यादित केलेली होती.

१ जानेवारी २०१० पासून हे मंडळ बरखास्त होऊन त्याची कामे ‘कॅलरिसायकल’ या संक्षिप्त नावाने ओळखल्या जाणाऱ्या राज्य विभागाकडे आली. मंडळाचे सदस्य जाहीर बैठकीत मतदानाने निर्णय घेत. विभागात तो अधिकार संचालकांकडे गेला. निर्णयप्रक्रिया सुटसुटीत झाली, पण अनेक सदस्यांच्या जाहीर मतदानाचा टप्पा गळाला.

अलीकडील कसोट्या

लॉस एंजेलिसच्या उत्तरेकडील सनशाइन कॅनियन क्षेपणभूमी शहर आणि काउंटी या दोन्हींच्या हद्दीत पसरलेली आहे. एकाच ढिगावर दोन यंत्रणांचा अंमल चालत असल्याने २००८ मध्ये दोहोंनी मिळून त्या एका जागेसाठी संयुक्त अंमलबजावणी यंत्रणा निर्माण केली. नियुक्तीचे नियम लवचीक असल्याचा फायदा येथे दिसतो. तरीही त्यानंतरच्या वर्षांत परिसरातील रहिवाशांच्या दुर्गंधीविषयीच्या तक्रारी थांबल्या नाहीत.

त्याच काउंटीतील चिक्विटा कॅनियन क्षेपणभूमीचे उदाहरण अधिक गंभीर आहे. तेथे कचऱ्याच्या ढिगात खोलवर तापमान वाढून २०२३ पासून दुर्गंधीने आसपासच्या वस्त्या त्रस्त झाल्या. स्थानिक अंमलबजावणी यंत्रणा म्हणून काउंटीच्या सार्वजनिक आरोग्य विभागाने, तसेच हवा व पाणी यांविषयीच्या स्वतंत्र संस्थांनी आदेश काढले. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्रीय पर्यावरण संरक्षण संस्थेनेही आदेश दिला आणि २०२४ च्या अखेरीस तेथे कचरा घेणे थांबले. जमिनीच्या पोटात घडणारी प्रक्रिया केवळ मासिक पाहणीतून उमगत नाही, हे या घटनेने दाखवून दिले. तपासण्या वेळेवर झाल्या म्हणजे धोका वेळेवर ओळखला गेला, असे म्हणता येत नाही.

समारोप

कॅलिफोर्नियाच्या या अनुभवातून तीन निष्कर्ष निघतात. पहिला, केवळ नियुक्तीने अंमलबजावणी घडत नाही. ज्ञान, माणसे, निधी व प्रशिक्षण यांची कसोटी लागते. १९७६ ते १९९२ या काळाचा हा धडा आहे. दुसरा, चालक व निरीक्षक यांना वेगळे करणे आवश्यक असले तरी पुरेसे नाही. दोघे एकाच शासनाखाली असतील तेथे वरच्या पातळीवरील नियमित मूल्यमापन हीच नागरिकांची खरी हमी ठरते. तिसरा, मूल्यमापनाचे माप कशाला लावायचे हे सर्वांत महत्त्वाचे आहे. तपासण्यांची संख्या, परवान्यांच्या मुदती आणि तासांचा हिशेब मोजणे सोपे असते, म्हणून त्यांवर भर राहतो. क्षेपणभूमीशेजारी राहणाऱ्या माणसाला मात्र हवा श्वास घेण्याजोगी आहे काय, एवढेच विचारायचे असते. प्रमाणपत्र आणि हा प्रश्न यांतील अंतर जितके कमी होईल, तितकी ही व्यवस्था आपल्या मूळ हेतूच्या जवळ जाईल.