दूरस्थ प्रयोगशाळा, कमी खर्चाची
इंटरनेटवरून खरी उपकरणे हाताळून अभियांत्रिकीचे प्रयोग करण्याची स्वस्त व्यवस्था. सदृशीकरणात (पहा) गणिती प्रतिकृती चालते. येथे यंत्र खरे, त्यामुळे मोजमापातील चढउतारही खरे. मुंबईच्या आयआयटीत विकसित झालेली ‘सिंगल बोर्ड हीटर सिस्टिम’ हे तिचे ठळक उदाहरण. पोलादी पाते, नायक्रोमचे वेटोळे, छोटा पंखा, तापमान-संवेदक व एटीमेगा१६ सूक्ष्मनियंत्रक (पहा) हे तिचे मुख्य भाग. विद्यार्थी हीटरची टक्केवारी वाढवतो, पाते तापू लागते. पंख्याचा वेग बदलताच तापमान ढळते आणि सायलॅब या मुक्त प्रणालीत त्याने लिहिलेला पीआयडी नियंत्रक (पहा : नियंत्रण अभियांत्रिकी) ते पुन्हा ठरल्या अंकावर आणतो. आगाऊ वेळ राखून रात्रीही प्रयोग करता येतो. महागडी उपकरणे न परवडणाऱ्या महाविद्यालयांना हा मोठा आधार आहे. तारा जोडण्याचा व बिघाड शोधण्याचा सराव मात्र यातून मिळत नाही.